छायाचित्रातील मोटार आणि काळनिर्णयाचा प्रश्न

झाक-आन्री लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराचे मोटार-शर्यतीचे एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. डावीकडून उजवीकडे एक शर्यतीची गाडी धावत आहे. तिचा पुढचा भाग चित्राच्या चौकटीबाहेर गेलेला आहे. मागचे चाक गोल न राहता लंबवर्तुळाकार होऊन पुढे कललेले आहे. रस्त्याकडेचे प्रेक्षक आणि खांब मात्र उलट दिशेला, मागे कललेले आहेत. गाडीच्या मागील अंगावर ६ हा आकडा ठळकपणे रंगविलेला आहे. छायाचित्रकलेच्या इतिहासाचे पुस्तक काढावे आणि त्यात हे चित्र नसावे, असे क्वचितच घडते. वेग या कल्पनेला विसाव्या शतकाच्या आरंभी मिळालेले दृश्यरूप म्हणून त्याचा उल्लेख केला जातो, आणि तो उल्लेख अस्थानी आहे असे म्हणता येणार नाही.

या चित्राखाली पुष्कळ वर्षे जी ओळ छापली जात असे ती अशी, की हे छायाचित्र १९१२ सालच्या फ्रेंच ऑटोमोबाईल क्लबच्या ग्रां प्री शर्यतीचे असून गाडी दलाज या कारखान्याची आहे. १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जॉन झारकोव्स्की यांनी लार्तिग यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा लार्तिग एकोणसत्तर वर्षांचे होते आणि छायाचित्रकार म्हणून जवळजवळ अज्ञात होते. त्याच वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या २९ नोव्हेंबरच्या अंकात त्यांची चित्रे आली. अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचे वृत्त देणारा अंक तोच. त्यामुळे तो घरोघर गेला आणि जपून ठेवला गेला. चित्राची कीर्ती पसरली ती अशी, आणि कीर्तीबरोबर १९१२ हे सालही पसरले. आजही कित्येक पुस्तकांत ते तसेच छापलेले आढळते.

या ओळीतील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

१९१२ ची ग्रां प्री दिएप येथे जूनच्या २५ आणि २६ या दोन तारखांस झाली. तीत दलाजचा कारखाना उतरलाच नव्हता. दलाजने ग्रां प्रीत भाग घेतला तो पुढील वर्षी, १२ जुलै १९१३ रोजी आमियाँ येथे झालेल्या शर्यतीत. तेथे त्याच्या दोन गाड्या बाब्लो आणि गियो यांनी चालविल्या व त्यांस अनुक्रमे चौथा आणि पाचवा क्रमांक मिळाला. तेव्हा गाडी दलाज असेल तर साल १९१२ असू शकत नाही. आणि साल १९१२ असेल तर गाडी दलाज असू शकत नाही. एवढा विसंवाद ओळीच्या आतच होता. तो कळण्यास चित्राकडे पाहण्याचीदेखील आवश्यकता नव्हती. शर्यतीत उतरलेल्या गाड्यांची यादी पाहणे पुरेसे होते. पुढे मोटार-शर्यतींच्या इतिहासाचे अभ्यासक त्या यादीकडे वळले, तेव्हा आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली. १९१३ च्या आमियाँच्या शर्यतीत ६ हा क्रमांक तेओदोर श्नायडर या कारखान्याच्या गाडीस दिलेला होता आणि ती क्रोके नावाचा चालक चालवीत होता. म्हणजे दलाज हे नावही गेले आणि १९१२ हे सालही गेले.

येथे अभ्यासकाने थांबून विचार करावा अशी गोष्ट ही, की चुकीची ओळ कोणा संपादकाच्या निष्काळजीपणातून जन्मलेली नव्हती. साल स्वतः लार्तिग यांच्याकडून आलेले होते. लार्तिग लहानपणापासून रोजनिशी लिहीत, चित्रे वह्यांत चिकटवीत, त्यांखाली तारखा घालीत. इतके व्यवस्थित साधन क्वचितच हाती लागते. परंतु त्या वह्या त्यांनी उत्तरायुष्यात पुनःपुन्हा नव्याने लावल्या, आणि वही पुन्हा लावणे म्हणजे स्मृतीच्या आधारे पुन्हा लिहिणे होय. दोन्ही वर्षी शर्यत जिंकणारा चालक एकच होता, ब्वालो. त्याची गाडीही दोन्ही वर्षी प्यूजोच होती. अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणाने पाहिलेल्या दोन उन्हाळ्यांतील दोन शर्यती म्हातारपणी एकमेकींत मिसळल्या असतील तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. हा अर्थात तर्क आहे. परंतु चूक प्रत्यक्षदर्शीची आहे हा तर्क नव्हे.

मराठी इतिहास-संशोधनाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकास ही परिस्थिती अपरिचित वाटू नये. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरी आणि अस्सल पत्रे यांतील तफावत दाखविली, तेव्हापासून बखरकाराची साक्ष आणि कागदाची साक्ष निरनिराळी तोलण्याची सवय आपल्याला लागलेली आहे. छायाचित्र म्हणजे अस्सल कागद आणि त्याखालची ओळ म्हणजे बखर, असे समीकरण मांडले तर ते फारसे चुकणार नाही. फरक इतकाच, की येथे अस्सल आणि बखर एकाच पानावर चिकटविलेली असतात. कधी दोन्ही एकाच हातची असतात. त्यामुळे अस्सलाची प्रतिष्ठा बखरीला आपोआप प्राप्त होते. चित्र खरे आहे म्हणून ओळ खरी, असे आपण न कळत मानून चालतो. दुसरे असे, की ज्याला जंत्रीचा उपयोग माहीत आहे त्याला शर्यतीच्या यादीचा उपयोग निराळा समजावून सांगावा लागत नाही. पत्रातील तिथी आणि वार जुळतात की नाही हे पाहण्यासाठी आपण जंत्री उघडतो. चित्रातील आकडा आणि कारखाना जुळतात की नाही हे पाहण्यासाठी यादी उघडावयाची. इतके साधे काम अनेक दशके कोणी केले नाही, कारण चित्र कलेच्या दालनात टांगलेले होते आणि याद्या मोटारींच्या हौशी अभ्यासकांच्या कपाटांत पडलेल्या होत्या.

यावर कलासमीक्षकांकडून एक आक्षेप येतो, आणि तो सरसकट झटकून टाकण्यासारखा नाही. ते म्हणतात: चित्राची महत्ता त्याच्या रचनेत आहे, साल एक वर्षाने मागेपुढे झाले आणि कारखान्याचे नाव बदलले म्हणून त्या रचनेत काय उणे पडते? रचनेपुरते बोलावयाचे तर काहीच उणे पडत नाही. परंतु समीक्षक रचनेपुरते कधीच बोलत नाहीत. हे चित्र निर्बंध वेगाचे, महायुद्धापूर्वीच्या बेफिकीर जगाचे प्रतीक आहे, असे ते लिहितात. हे विधान कलेविषयीचे नसून इतिहासाविषयीचे आहे. म्हणून ते इतिहासाच्या कसोटीस उतरले पाहिजे. १९१२ च्या शर्यतीत एंजिनाच्या आकारावर मर्यादा जवळजवळ नव्हती. फियाटच्या गाड्यांची एंजिने चौदा लिटरांहून मोठी होती आणि त्यांना प्यूजोच्या ७.६ लिटरांच्या, अधिक कुशलतेने रचलेल्या एंजिनाने हरविले. दिएपचे वर्तुळ सुमारे ७७ किलोमीटरांचे आणि एकूण अंतर दोन दिवसांत दीड हजार किलोमीटरांहून अधिक होते. १९१३ साली नियम बदलले. आमियाँचे वर्तुळ ३१ किलोमीटरांच्या जवळपास होते, सहभागी गाड्या फक्त वीस होत्या, आणि मुख्य अट अशी होती की शंभर किलोमीटरांस वीस लिटरांहून अधिक इंधन जाळता येणार नाही. म्हणजे ज्या गाडीत आपण निर्बंध वेग पाहिला ती प्रत्यक्षात मोजून दिलेल्या पेट्रोलवर, काटकसरीने धावत होती. चित्र तेच राहते. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष उभा राहत नाही. साल एक वर्षाने चुकल्याचा परिणाम एवढा होऊ शकतो.

आता चित्राच्या आकृतीविषयी. त्यातील कललेले चाक ही कल्पनाशक्तीची किमया नसून पडद्याच्या रचनेचा परिणाम आहे. त्या प्रकारच्या कॅमेऱ्यात काचेच्या पट्टीपुढून एक अरुंद फट सरकत जाते आणि दृश्याचा एकेक आडवा भाग क्रमाने उमटत जातो. काचेवर प्रतिमा उलटी पडते, म्हणून फट वरून खाली सरकली की प्रथम जमीन उमटते आणि शेवटी आकाश. मधल्या क्षणांत गाडी पुढे गेलेली असते. म्हणून तिचा वरचा भाग खालच्या भागाच्या पुढे पडतो आणि चाक पुढे कलते. लार्तिग गाडीबरोबर कॅमेराही फिरवीत होते, म्हणून स्थिर प्रेक्षक उलट दिशेने कलले. यातून एक अनुमान निश्चितपणे निघते: कॅमेरा गाडीपेक्षा सावकाश फिरला. तो तेवढ्याच वेगाने फिरला असता तर चाक गोल राहिले असते आणि फक्त प्रेक्षक कलले असते. पुढे व्यंगचित्रकारांनी हाच कल वेगाची खूण म्हणून उचलला, हा निराळा विषय आहे. ओळख पटविणाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की अशा चित्रातील चाकाचा व्यास, बैठकीची उंची, खांबांचा उतार यांची मापे घेऊन गाडीचा प्रकार ठरविणे सर्वथा व्यर्थ आहे. मापे घेण्याचा मोह मात्र होतो. शिवाय या चित्रात गाडीचे तोंडच चौकटीबाहेर आहे. ज्या अवयवावरून मोटार ओळखली जाते तोच येथे नाही, आणि तरीही ‘दलाज’ हे नाव इतकी वर्षे निःशंकपणे छापले गेले. राहतो तो एक आकडा. तो ६ असल्यामुळे एक लहानसा लाभ असा, की काच उलटी ठेवून प्रत काढलेली नाही हेही त्यावरून कळते. आठ किंवा शून्य असते तर ही सोय झाली नसती.

शर्यतीच्या गाडीवर निदान क्रमांक असतो. घरगुती छायाचित्रातील मोटारीवर तोही पुष्कळदा नसतो, आणि मग अवयवांवरून निर्णय करावा लागतो. या शास्त्रात रेडिएटरास प्रथम मान आहे, आणि तो योग्य आहे. पानार-लव्हासोर यांनी १८९१ च्या सुमारास एंजिन पुढे आणून मोटारीला जी ठेवण दिली, तिच्यामुळे गाडीला तोंड प्राप्त झाले. १९०१ साली मेबाख यांनी रचलेली मर्सिडिस गाडी नीस येथील शर्यतींत उतरली. तिच्या पुढे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता, आणि तेव्हापासून ते तोंड ही प्रत्येक कारखान्याची मुद्रा बनली. सांगाडा एका कारखान्याचा आणि वरची बैठक दुसऱ्याच कारागिराची, अशी त्या काळची रीत होती. म्हणून बैठकीच्या आकारावरून, छपरावरून किंवा दारांवरून कारखाना ठरविणे धोक्याचे असते. रेडिएटर मात्र सांगाड्याबरोबर येतो.

परंतु ही मुद्राही सर्वत्र विश्वसनीय नाही. उतरत्या, कोळशाच्या घमेल्यासारख्या बॉनेटची गाडी दिसली आणि समोर रेडिएटर दिसला नाही, की जुन्या छायाचित्रांचा वाचक तत्काळ ‘रेनॉ’ म्हणतो. रेनॉने सुमारे १९०४ पासून १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत रेडिएटर एंजिनाच्या मागे ठेवला, हे खरे. १९१४ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या टॅक्सींनी मार्नच्या आघाडीवर सैनिक नेले, त्या टॅक्सी याच घाटाच्या होत्या. पण हा घाट रेनॉचा एकट्याचा नव्हता. शारों आणि क्लेमाँ-बायार यांनी तो वापरला. अमेरिकेत मॅक कंपनीच्या मालमोटारींना तसेच बॉनेट होते. आणि फ्रँकलिनच्या गाड्यांचे एंजिन वाऱ्याने थंड होत असल्यामुळे त्यांना रेडिएटरच नव्हता, तरी बॉनेट तसलेच. तेव्हा हा आकार पाहून ‘रेनॉ’ म्हणावयाचे नसून ‘रेनॉ घाटाची’ म्हणावयाचे, आणि पुढे चाकांच्या तुंब्याकडे, तेथील अक्षरांकडे, स्प्रिंगांच्या टोकांकडे वळावयाचे. छोट्या गाड्यांच्या बाबतीत तर गोंधळ अधिकच आहे. द दियों-बूताँ कारखाना आपली एंजिने अनेक लहान कारखान्यांना विकीत असे. एंजिन त्यांचे म्हणून गाडी त्यांची, हे अनुमान तेथे सर्रास चुकते.

स्टिअरिंगच्या बाजूचेही तसेच. आपल्याकडील वाचकास उजव्या बाजूचे स्टिअरिंग दिसले की गाडी इंग्लंडची किंवा हिंदुस्थानातील असावी असे वाटते. ही समजूत टाकून दिली पाहिजे. रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहने चालणाऱ्या फ्रान्समध्येही आरंभीच्या काळी उजव्या बाजूचे स्टिअरिंगच सामान्य होते, आणि मोठ्या, किमती गाड्यांत ते पुढेही बराच काळ टिकले. उलट फोर्डची ‘टी’ गाडी अमेरिकेत डाव्या बाजूची. पण ब्रिटिश साम्राज्यासाठी कॅनडातील कारखान्यातून ती उजव्या बाजूची येत असे. त्यातच काचेची पट्टी उलटी ठेवून प्रत काढली गेली असेल तर डावे-उजवे सगळेच फिरते. अशा वेळी पुरुषांच्या कोटाची बटणे किंवा दुकानावरची पाटी गाडीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

फोर्डच्या ‘टी’ गाडीचा उल्लेख आला आहे तर तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे योग्य होईल. कारण काळनिर्णयाची मर्यादा तिच्यात फार स्पष्ट दिसते. ऑक्टोबर १९०८ पासून १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटीहून अधिक प्रती निघाल्या. १९१७ च्या नमुन्यापासून, म्हणजे प्रत्यक्षात १९१६ च्या ऑगस्टपासून, पितळी रेडिएटर जाऊन काळे कवच आले. म्हणून चित्रात काळा रेडिएटर दिसला की चित्र १९१६ नंतरचे, असा नियम सांगितला जातो. हा नियम अर्धाच खरा आहे. पितळ घासून चकचकीत ठेवण्याचा कंटाळा आलेल्या मालकांनी जुन्या पितळी रेडिएटरांना काळा रंग फासला. असे पुष्कळांनी केले. निर्णय रंगावर ठेवावयाचा नसतो, आकारावर ठेवावयाचा असतो: नवे रेडिएटर उंच आहे आणि त्याला जुळणारे बॉनेट वर गोलावलेले आहे, जुने बॉनेट कोनदार आहे. एवढे पाहिल्यावर जे हाती येते तेही लक्षात घेतले पाहिजे. नव्या आकाराची गाडी असेल तर चित्र ऑगस्ट १९१६ च्या आधीचे नाही. जुन्या आकाराची असेल तर मात्र चित्र १९१६ च्या नंतरचे नाही, असे सिद्ध होत नाही. कारण त्या गाड्या पुढे वीस-वीस वर्षे धावत होत्या. मोटारीचा अवयव चित्राची पूर्वमर्यादा देतो, उत्तरमर्यादा देत नाही. हा सर्व विषयाचा गाभा आहे, आणि छापील ओळींतील बहुसंख्य चुका याच ठिकाणी होतात. ‘१९१० ची गाडी’ आणि ‘१९१० चे छायाचित्र’ ही दोन विधाने एकच आहेत असे गृहीत धरले जाते.

जोडलेल्या अवयवांच्या बाबतीत पूर्वमर्यादाही जपून वापरावी लागते. रोल्स-रॉइसच्या रेडिएटरावरील पंखधारी स्त्रीची मूर्ती चार्ल्स साइक्स यांनी १९११ साली घडविली. तिच्या आधीच्या गाड्यांवर ती मागाहून बसविल्याची उदाहरणे कितीतरी आहेत. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी झाली आणि तीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाची रोल्स-रॉइस धावली. पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांकडे गेली. उद्या कोणी घाटातील रोल्स-रॉइसचे एखादे छायाचित्र आणून ते त्या कसोटीचे आहे असे म्हणेल आणि रेडिएटरावर ती मूर्ती दिसेल, तर चित्र १९०८ चे नाही, एवढे लागलीच सांगता येईल. गाडी ती नव्हे, असे मात्र सांगता येणार नाही. गाडीचा काळ, अवयवाचा काळ आणि चित्राचा काळ हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत.

क्रमांकाच्या पाटीचा पुरावा सर्वांत बळकट समजला जातो. इंग्लंडात १ जानेवारी १९०४ पासून पाटी सक्तीची झाली. फ्रान्समध्ये १८९३ च्या पॅरिस पोलिसांच्या आज्ञेने मालकाचे नाव आणि पत्ता लिहिलेली पट्टी आली, आणि १९०१ च्या हुकुमाने ताशी ३० किलोमीटरांहून वेगाने जाऊ शकणाऱ्या गाड्यांना क्रमांक लावणे आवश्यक झाले. हिंदुस्थानात सर्व प्रांतांस लागू असा मोटार कायदा १९१४ साली झाला. या तारखा पाठ असाव्यात. परंतु पाटीवरून गाडी ठरविताना दोन अडचणी येतात. इंग्लंडात पुष्कळ स्थानिक नोंदवह्या नष्ट झालेल्या आहेत. आणि त्या काळी एकाच मालकाला जुन्या गाडीचा क्रमांक नव्या गाडीवर नेता येत असे. तेव्हा क्रमांक पुष्कळदा गाडीपेक्षा मालकाचीच ओळख देतो. इतिहासकाराला कित्येकदा हवा असतो तो मालकच, म्हणून ही अडचण सर्वांनाच अडचण वाटेल असे नाही.

रंगाविषयी एक सूचना करून हा भाग संपवितो. त्या काळच्या बहुतेक काचांना तांबडा रंग दिसत नसे आणि निळा फार उजळ दिसे. सर्व रंगांना सारखी संवेदनशील काच १९०६ पासून बाजारात होती, पण सामान्य वापरात ती फार उशिरा आली. त्यामुळे फ्रेंच शर्यतीची निळी गाडी चित्रात फिकट राखी उमटते आणि इटालियन लाल गाडी जवळजवळ काळी. चित्रातील काळेपणावरून ‘काळी मोटार’ असे वर्णन लिहिणारे लेखक आपल्या डोळ्यांऐवजी त्या काचेच्या डोळ्यांनी पाहत असतात. टायर पांढरे दिसतात ते मात्र खरोखरच फिकट असत. रबरात काजळी मिसळण्याची पद्धत १९१० नंतरच्या दशकात रूढ झाली.

आतापर्यंतचे विवेचन तांत्रिक वाटेल. परंतु त्यामागे तर्काचा एक दोष दडलेला आहे आणि खरा झगडा त्याच्याशी आहे. नैयायिक ज्याला अन्योन्याश्रय म्हणतात तोच हा दोष. संग्रहालय चित्राचा काळ ठरविते तो त्यातील गाडीवरून; गाडीचा अभ्यासक त्या नमुन्याचा काळ ठरवितो तो संग्रहालयाच्या चित्रावरून. दोघेही एकमेकांचा हवाला देतात आणि दोघांचीही खात्री पटते. याचे परिणाम केवळ कागदावर राहत नाहीत. लंडन ते ब्रायटन ही जुन्या मोटारींची यात्रा १८९६ सालच्या एका घटनेची स्मृती म्हणून १९२७ पासून भरविली जाते, आणि तीत १ जानेवारी १९०५ पूर्वी बांधलेल्या गाड्यांनाच प्रवेश असतो. १९३० साली स्थापन झालेला ग्रेट ब्रिटनचा व्हेटरन कार क्लब गाड्यांची तपासणी करून त्यांच्या काळाचा दाखला देतो. १९०४ आणि १९०५ या दोन सालांमधील अंतर म्हणजे त्या गाडीची प्रतिष्ठा आणि किंमत यांतील अंतर होय. अशा ठिकाणी ‘सुमारे १९०३’ अशी ओळ असलेले घरगुती छायाचित्र पुरावा म्हणून पुढे येते, तेव्हा ती ओळ कोणी लिहिली, केव्हा लिहिली आणि कशावरून लिहिली, हे विचारलेच पाहिजे. तीच ओळ त्याच घाटाची गाडी पाहून कोणी लिहिलेली असेल तर पुरावा शून्य आहे. चित्र कितीही सुंदर असले तरी.

आपल्याकडे संस्थानिकांच्या, वकिलांच्या, पेढीवाल्यांच्या घराण्यांत अशा चित्रांच्या वह्या अद्याप शिल्लक आहेत. वाड्यापुढे मोटार उभी आहे, पुढच्या बैठकीवर फेटा बांधलेला चालक आहे, मागे घरची मुले दाटीने बसलेली आहेत. खाली कोणा नातवाने शाईने साल लिहिलेले आहे. हे साल बहुधा आजोबांच्या विवाहाचे किंवा वकिलीच्या सनदेचे असते. गाडी त्यावर्षी घरी आली, ही कुटुंबातील आख्यायिका असते, आणि आख्यायिकेचा आदर ठेवूनच ती बाजूला सारावी लागते. काम उलट क्रमाने झाले पाहिजे. प्रथम ओळ झाकून ठेवावी. दिसणारे अवयव दिसतात तसे लिहून काढावेत: दिवे पितळी की रंगविलेले, वायूचे की विजेचे, पुढच्या चाकांना ब्रेक आहेत की नाहीत, आरे लाकडी की तारेचे, पाटी आहे की नाही. चौकटीबाहेर राहिलेले आणि माणसांच्या आड गेलेले अवयवही लिहावेत, कारण न दिसलेला रेडिएटर मागाहून आठवणीत दिसू लागतो. त्यानंतर पूर्वमर्यादा ठरवावी आणि तिचे कारण नोंदवावे. कारखान्याचे नाव शेवटी. तेही निश्चित नसेल तर ‘अमुक घाटाची’ इतकेच. मग ओळीवरचा हात काढावा आणि तिची साक्ष घ्यावी. ती जुळली तर उत्तमच. जुळली नाही तर तीही खोडून टाकू नये. कुटुंब ते साल का धरून बसले, हाही इतिहासच आहे.

लार्तिग यांच्या चित्राखालीदेखील हेच व्हावयास हवे. काही ठिकाणी जुने साल खोडून नवे घातलेले आढळते, काही ठिकाणी जुनेच चालू आहे. दोन्ही प्रकार अपुरे आहेत. आमच्या मते ओळ अशी असावी: ‘फ्रेंच ऑटोमोबाईल क्लबची ग्रां प्री, आमियाँ, १२ जुलै १९१३, श्नायडर गाडी क्रमांक ६, चालक क्रोके, शर्यतीच्या यादीवरून, छायाचित्रकाराने स्वतः दिलेले साल १९१२, दलाज हे पूर्वी छापले जाणारे नाव निराधार.’